पिवळाधमक बलक आणि पातळ कवच

देवगड तालुक्यातील कुणकेश्वर हे गाव बहुतेकांना ठाऊक असते ते समुद्राला लागून असलेल्या शिवमंदिरामुळे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे. आम्हाला ते आता आणखी एका कारणाने लक्षात राहील. तेथील एका घराच्या मागील दारी आमच्या हातून अंडे फुटले. ते हातातून पडले नव्हते. खुराड्यातून नुसते उचलताना बोट आत गेले.

"अंडी हातात घेतली की फुटतत. असा आधी कधी झाला नाय," घरातल्या आजी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा कोडे पडल्याचा सूर अधिक होता. कारण त्यांच्या कोंबड्यांना ते नवे खाद्य नातीने सुरू केले होते, आणि नातीच्या त्या प्रकल्पाला विज्ञान प्रदर्शनात पहिला क्रमांक मिळाला होता. तो देणाऱ्या परीक्षकांत आम्ही होतो.

प्रकल्पाचे नाव होते 'अझोला : कोंबड्यांचा हिरवा खुराक'. मुलीने घरामागे प्लास्टिकच्या कागदाचे छोटे तळे केले, त्यात अझोला वाढवला आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत आठ कोंबड्यांना रोज ताजा घातला. विकतचे खाद्य निम्म्यावर आणले. तक्त्यावर तीन निष्कर्ष सुवाच्य अक्षरात लिहिले होते. बलक अधिक पिवळा झाला, अंडी वाढली, खर्च निम्मा झाला. खाली एक वाक्य होते : 'अझोलात २५ टक्के प्रथिने असल्याने ते विकतच्या खाद्याला पर्याय आहे.' आम्ही तक्ता वाचला, मुलीचे उत्तम निवेदन ऐकले, माना डोलावल्या आणि गुण दिले.

अशा तऱ्हेचे प्रकल्प, पत्रके आणि लेख आज सर्वत्र दिसतात. कधी अझोला, कधी शेवग्याचा पाला, कधी हळद-लसूण, कधी झेंडूच्या पाकळ्या. यांतील प्रत्येकात काही खरे आहे. पण खऱ्यापासून खोट्यापर्यंत जाण्याची वाट एकसारखीच आहे आणि त्या वाटेवर आम्ही स्वतः चाललो, म्हणून ही टीका प्रथम स्वतःवर आहे, हे सांगून पुढे जातो.

हिशेब कोणता मांडायचा?

अंडे देणारी कोंबडी रोज काय गमावते, येथून सुरुवात करू. साधारण ५५ ते ६० ग्रॅमच्या अंड्यात सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. कवच पाच ते सहा ग्रॅमचे असते आणि ते जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे शिंपल्यातले द्रव्य. त्यात निव्वळ कॅल्शियम सुमारे दोन ग्रॅम. कोंबडीच्या साऱ्या हाडांत मिळून कॅल्शियम असते सुमारे २० ग्रॅम. म्हणजे एक अंडे घालताना ती आपल्या सांगाड्याच्या दहाव्या हिश्शाइतके कॅल्शियम शरीराबाहेर टाकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण निम्मेच अंगी लागते, म्हणून भरपूर अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज साडेतीन ते चार ग्रॅम कॅल्शियम पोटात जावे लागते.

आता अझोलाकडे पाहू. हे पाण्यावर तरंगणारे इवलेसे नेचे. त्याच्या पानांतील पोकळ्यांत नीलहरित सूक्ष्मजीव राहतात व हवेतील नायट्रोजन बांधून देतात, त्यामुळे अझोलात प्रथिने चांगली असतात हे खरेच. कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्राच्या प्रकल्पातून त्याचा पशुखाद्य म्हणून प्रसार झाला आणि दुभत्या जनावरांसाठी ते अनेक ठिकाणी उपयोगी पडले. पण 'प्रथिने २५ टक्के' हा आकडा आहे वाळलेल्या अझोलाचा. ताज्या अझोलात ९३ ते ९५ टक्के पाणी असते! आमच्या विद्यार्थिनीने ताजा अझोला घातला आणि वाळलेल्याचा आकडा लिहिला. परीक्षक म्हणून नजर तेथेच अडायला हवी होती.

गणित सातवीच्या मुलालाही करता येईल. समजा ५० ग्रॅम विकतचे खाद्य काढून त्या जागी ५० ग्रॅम ताजा अझोला दिला. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात प्रथिने १७ टक्के आणि कॅल्शियम साडेतीन टक्के धरले, तर आपण कमी केली साडेआठ ग्रॅम प्रथिने आणि पावणेदोन ग्रॅम कॅल्शियम. बदल्यात काय मिळाले? ५० ग्रॅम ताज्या अझोलात कोरडा भाग तीन ग्रॅम. त्यात प्रथिने पाऊण ग्रॅम. कॅल्शियम कोरड्या भागाच्या दीड टक्का धरले तर ०.०४५ ग्रॅम, म्हणजे चिमटीत पकडणेही कठीण. काढून घेतलेली प्रथिने केवळ ताज्या अझोलातून भरून काढायची तर एका कोंबडीला रोज अर्ध्या किलोहून अधिक अझोला खावा लागेल. कोंबडीचे वजनच दीड-दोन किलो. तिचे पोट म्हणजे काही गाईची कोठी नव्हे.

शेवग्याचे उदाहरण घेतले तर कॅल्शियमची बाजू सुधारते. ताज्या पाल्यात १०० ग्रॅममागे ४४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पालेभाज्यांत ही मात्रा मोठीच आहे. तरी चार ग्रॅमसाठी ९०० ग्रॅमहून अधिक पाला लागेल. माणसाच्या आहारात शेवगा श्रीमंत ठरतो, रोज एक कवच घडवणाऱ्या पक्ष्याच्या आहारात तोच अपुरा पडतो. पदार्थ पौष्टिक आहे का, हा प्रश्न अर्धाच आहे. कोणासाठी आणि किती, हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही.

येथे कोणी विचारील, मग आमच्या पणजीच्या कोंबड्या अंगणात टिपून कशा जगल्या? त्या जगल्या, कारण गावठी कोंबडी वर्षाकाठी साठ-सत्तर अंडी देते. मधले दिवस खुडूक बसण्यात आणि पिले सांभाळण्यात जातात. हाडांतली उचल फेडायला तिला सवड मिळते. शिवाय ती शाकाहारी कधीच नव्हती. वाळवी, नाकतोडे, गांडुळे, मासळीची टाकाऊ डोकी, तिसऱ्यांची टरफले हे सारे ती टिपत असे. ब-१२ जीवनसत्त्व तर वनस्पतींत मिळतच नाही. ते तिला किड्यांतून आणि उकिरड्यातून मिळते. संकरित कोंबडी मात्र वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देऊ शकते. या घरातल्या कोंबड्या सुधारित जातीच्या होत्या आणि बागेच्या नासधुशीमुळे बंदिस्त ठेवलेल्या. उत्पन्न नव्या कोंबडीचे आणि खुराक मात्र जुन्या कोंबडीचा, तोही किड्यांवाचून! घोटाळा येथे आहे.

पिवळा रंग काय सांगतो?

तक्त्यावरचा पहिला निष्कर्ष पूर्ण खरा होता. बलक गर्द झाला होता. कोकणात कोंबड्यांना तांदळाची कणी आणि कोंडा अधिक मिळतो, त्यात पिवळी रंगद्रव्ये जवळजवळ नसतात, म्हणून बलक फिका राहतो. हिरवा पाला, पिवळा मका, झेंडूच्या पाकळ्या यांत ल्युटीन व झिॲझँथिन ही रंगद्रव्ये असतात. ती चरबीत विरघळतात आणि बलकात जमा होतात. मोठ्या कुक्कुटपालनात याच कामासाठी झेंडूचा अर्क खाद्यात मिसळतात आणि बलकाचा रंग रंगपट्टीशी ताडून पाहतात.

पण रंगावरून प्रथिने कळत नाहीत. गाजरातील बीटा-कॅरोटीन कोंबडी बरेचसे 'अ' जीवनसत्त्वात बदलून टाकते, म्हणून 'अ' जीवनसत्त्व भरपूर असलेले अंडे फिकटही असू शकते. उलट सरकीच्या पेंडीने बलक तपकिरी-हिरवट होतो. त्यातील गॉसिपॉल हे द्रव्य त्याला कारण असते.

याच निमित्ताने एक सर्वसाधारण सूत्र लक्षात ठेवावे. खाद्यातल्या चरबीत विरघळणाऱ्या गोष्टी बलकात सहज उतरतात. रंगद्रव्ये, 'अ' आणि 'ई' जीवनसत्त्वे, स्निग्धाम्ले ही त्यांची उदाहरणे. जवस खाऊ घातला की बलकात ओमेगा-३ स्निग्धाम्ले वाढतात, हा परिणाम पक्का आहे. प्रथिनांची घडण मात्र कोंबडीच्या जनुकांनी ठरते. खुराक कमी पडला तर ती निकस अंडे देत नाही, अंडी कमी देते. कोलेस्टेरॉल तर तिचे यकृत स्वतः बनवते, कारण वाढणाऱ्या पिलाला ते हवेच असते. म्हणून लसूण घालून कोलेस्टेरॉल नाहीसे केल्याची जाहिरात दिसली की थोडे थांबावे.

अंडी मग वाढली कशी?

दुसरा निष्कर्षही खोटा नव्हता. अंडी वाढली होती. पण अझोलामुळे वाढली हे कशावरून?

कोंबडीचे अंडी देणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. कुणकेश्वरच्या अक्षांशावर डिसेंबरात दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि जूनमध्ये सुमारे १३ तासांचा. प्रयोग जानेवारीत सुरू झाला आणि एप्रिलमध्ये संपला. या काळात दिवस वाढतच जातो. शिवाय कोंबड्या तरुण होत्या. तलंग साधारण वीस आठवड्यांची झाली की अंडी देऊ लागते आणि पुढे आठ-दहा आठवडे तिचे उत्पादन चढत जाते. म्हणजे त्या चार महिन्यांत कोंबड्यांना काहीही नवे दिले नसते, तरी अंडी वाढण्याचीच शक्यता होती. ज्यांना अझोला दिला नाही अशा, त्याच वयाच्या, त्याच आवारातल्या चार कोंबड्या बाजूला असत्या तर उत्तर मिळाले असते. पण तुलनेचा गट नव्हता आणि आम्ही तो मागितलाही नाही.

आता तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. आम्ही गेलो तेव्हा मे महिना चालू होता. उकाड्यात कोंबडी धापा टाकते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, कवचासाठी लागणारा कार्बोनेट अपुरा पडतो आणि कवच पातळ होते. तिचे खाणेही कमी होते. तेव्हा ती फुटकी अंडी पाहून 'बघा, अझोलाने घात केला' असे आम्ही म्हटले, तर आम्हीही त्या मुलीचीच चूक केली असे होईल. एप्रिलपर्यंत चांगले झाले ते अझोलामुळे आणि मेमध्ये वाईट झाले तेही अझोलामुळे, ही दोन्ही विधाने तुलनेवाचून सारखीच लंगडी आहेत. खाद्याचा जो हिशेब वर मांडला तो मात्र ऋतू पाहत नाही. पावणेदोन ग्रॅम कॅल्शियम काढून घेतले होते, ते कोठून तरी भरून यायला हवे होते आणि खुराड्यात तसे काहीच नव्हते.

जे गुरांना चालते...

महाराष्ट्राने हा धडा पूर्वीही घेतला आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने पुढे सुबाभळीचा मोठा प्रसार केला. झपाट्याने वाढणारा, प्रथिनयुक्त पाला देणारा वृक्ष, त्यामुळे त्याचे कौतुकही झाले. पण सुबाभळीत मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते. जास्त पाला खाल्ला तर जनावरांचे केस झडतात. ऑस्ट्रेलियातील गुरांना हा त्रास होई आणि हवाईतील शेळ्यांना होत नसे. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने याचा माग काढला, तेव्हा त्या शेळ्यांच्या पोटातील सूक्ष्मजीव विष मोडून टाकतात असे आढळले. १९९२ मध्ये त्या जीवाणूला जोन्स यांचेच नाव देण्यात आले. हे सूक्ष्मजीव राहतात ते रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोठीत. कोंबडीला तशी कोठी नाही. तंतुमय पाला पचवण्याची तिची ताकद अगदी थोडी. म्हणून 'गाईला दिले, दूध वाढले, आता कोंबडीला देऊ' हा युक्तिवाद टिकत नाही.

कोंड्याची गोष्ट

याचा अर्थ वनस्पतिजन्य पूरक खाद्य म्हणजे थोतांड, असा कोणी घेऊ नये. विज्ञानातला एक मोठा शोध कोंबड्यांना कोंडा घालूनच लागला आहे. १८९० च्या सुमारास जावा बेटावरील बटाव्हिया येथे क्रिस्तियान आइकमन हा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करत होता. त्याच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांच्या पायांतील शक्ती जाऊ लागली आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी करता कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना द्यायचे नाकारले आणि कोंबड्या बऱ्या झाल्या!

आइकमनने येथे थांबून तक्ता रंगवला नाही. त्याने काही कोंबड्यांना सडलेला तांदूळ दिला, काहींना असडी, काहींना कोंडा मिसळून दिला आणि वारंवार तुलना केली. कोंड्याने रोग बरा होतो हे सिद्ध झाले. त्याचा अर्थ लावताना मात्र तो प्रथम चुकला. तांदळातील पिष्टात विष असावे आणि कोंडा त्यावर उतारा असावा असे त्याला वाटले. विष नसून काहीतरी उणे आहे, हे त्याचा सहकारी गेरिट ग्राइन्स याने १९०१ मध्ये मांडले. त्यातून पुढे ब-१ जीवनसत्त्व हाती आले आणि आइकमनला १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थ चुकला तरी तुलना नीट असल्याने पुढच्या माणसाला तो दुरुस्त करता आला. आमच्या प्रदर्शनातील तक्त्यात दुरुस्त करण्याजोगे असे काही उरलेच नव्हते.

आजही या विषयाची गरज खरी आहे. वाढीसाठी कोंबड्यांना प्रतिजैविके देण्याच्या प्रथेमुळे औषधांना न जुमानणारे जीवाणू वाढतात, म्हणून स्वीडनने १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून ही प्रथा बंद केली. भारतानेही २०१९ मध्ये पशुखाद्यातील कोलिस्टिनवर बंदी घातली. त्यामुळे ओवा, दालचिनी, लसूण अशा वनस्पतींच्या अर्कांवर जगभर संशोधन चालू आहे. चांगला विषय ढिल्या पुराव्याने बदनाम होऊ नये, म्हणूनच ही टीका.

मग करायचे काय?

आजींना आम्ही जे सांगितले ते असे. अझोला थोडा, मूळ खाद्याच्या जोडीला द्या. त्याच्या जागी नको. पुरवणी म्हणजे पर्याय नव्हे. आणि कॅल्शियम तर तुमच्या दारातच पडलेले आहे. घरात तिसऱ्या आणि कालवे शिजतात, त्यांची टरफले धुऊन, उकळून, वाळवून कणीएवढी भरड कुटायची आणि वेगळ्या वाटीत ठेवायची. कोंबडी आपल्याला हवी तेवढी टिपते. संध्याकाळी वाटी भरलेली असावी, कारण कवच बनायला सुमारे वीस तास लागतात आणि त्यातील बरेच काम रात्री चालते. भरड तुकडे पोटात हळूहळू विरघळून रात्रभर पुरतात. मात्र पानाचा चुना किंवा कळीचा चुना चुकूनही देऊ नये, तो दाहक असतो. प्रथिनांसाठी सुकवलेला जवळा चांगला, पण बिनमिठाचा. खारवलेल्या मासळीतले मीठ कोंबडीच्या जिवावर बेतू शकते.

हे घरगुती प्रश्न आहेत असे म्हणून शिक्षकांनी सोडून देऊ नयेत. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला. अशा वेळी अनेक मुलांच्या ताटातले अंडे घरच्या खुराड्यातूनच यायचे असते. त्या आजींच्या अंड्यांतली काही नातवंडे खात, उरलेली दुकानात जात आणि त्यावर वह्या-पेन्सिली येत. आता दुकानदार पातळ कवचाची अंडी घेत नव्हता. आमच्या पहिल्या क्रमांकाची किंमत त्या घराने मोजली होती.

वर्गासाठी दोन उपक्रम सुचवतो. पहिला, कवचाची परीक्षा. त्याच दिवशी घातलेली अंडी घ्या. पाण्यात मीठ वाढवत नेऊन चढत्या घनतेची पाच-सहा द्रावणे करा आणि कोणते अंडे कोणत्या द्रावणात तरंगू लागते ते नोंदवा. जाड कवचाचे अंडे अधिक दाट द्रावणातच तरंगते. अंडी शिळी नकोत, कारण आतली हवेची पोकळी वाढली की शिळे अंडे आधीच तरंगते. दुसरा, खरा प्रयोग. सारख्या वयाच्या कोंबड्यांचे दोन गट करा. दोन्ही गटांना मूळ खाद्य पोटभर द्या; उपाशी ठेवून प्रयोग करायचा नाही. फरक एकाच गोष्टीचा ठेवा. समजा एका गटाला शिंपल्यांची भरड, दुसऱ्याला नाही. महिन्यानंतर गटांची अदलाबदल करा. रोज अंडी मोजा, फुटकी वेगळी लिहा, दुपारचे तापमान लिहा. काहीच फरक दिसला नाही तरी वही तितकीच मोलाची, हे मुलांना आधीच सांगा.

ही वही पहिला क्रमांक मिळवण्याइतकी देखणी होणार नाही. पण यापुढे परीक्षक म्हणून बसताना आम्ही तक्ता पाहण्याआधी दोन प्रश्न विचारणार आहोत. तुलना कशाशी केली? आणि हा आकडा ओल्याचा की वाळलेल्याचा? कुणकेश्वरच्या त्या मुलीने आमचे म्हणणे शांतपणे ऐकले आणि उलट विचारले, "सर, मग तेव्हाच का नाही विचारलंत?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते इथे लिहून ठेवले आहे.